ब्रदर किती उरले ते मोजू नका, ते बसतात कुठं ते बघा

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक पोरगा पीयूसी सेकंड इयर, म्हणजे बारावी, पास झाला, मार्क चांगले होते, मनात आणलं असतं तर इंजिनिअरिंगला सहज नंबर लागला असता, आणि त्यानं घरात सांगितलं की मला ब्रदर व्हायचंय. फादर नाही, ब्रदर. म्हणजे शिकवणाऱ्या ब्रदर लोकांच्या मंडळात जायचं, लग्न करायचं नाही, पगार स्वतःजवळ ठेवायचा नाही आणि जन्मभर पोरांना शिकवायचं. त्यांचं घर मूळचं खानापूर तालुक्यातलं, घरात कोकणी, गल्लीत मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे आमच्या सीमाभागात असतं तसंच. आजी रडायला लागली, आणि गोव्यात हॉटेलात कामाला असलेला मामा फोनवर म्हणाला, "अरे जायचंच असेल तर फादर तरी हो की, ब्रदर होऊन काय मिळणार तुला?" मी शेजारी, हिंदू, पेशानं सरकारी मराठी शाळेचा मास्तर, पण लहानपणी तीन वर्षं ब्रदरांच्या बोर्डिंगात काढलेली, म्हणून पोराची समजूत घालायला मला बोलावलं. त्या दिवशी आणि पुढं महिनाभर या विषयावर जे काही कानावर पडलं, घरात, चर्चच्या आवारात, बेळगावच्या कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर, ते ऐकून मला वाटलं की एवढा मोठा प्रश्न आपण फारच वाईट पद्धतीनं भांडतोय.

एकजण म्हणतो ब्रदर संपले, परदेशात मठच्या मठ विकायला काढलेत, आता कशाला त्यात पोरगा घालायचा. दुसरा म्हणतो बरंच झालं संपले ते, सगळा धर्मांतराचा धंदा होता. तिसरा आमच्याच वयाचा, तो डोळ्यात पाणी आणून म्हणतो आमच्या वेळचे ब्रदर म्हणजे देवमाणसं, तसे आता होणे नाही. तिघंही एकच करतात, डोकी मोजतात. किती होते, किती राहिले, किती जणांना बाटवलं, किती जणांना घडवलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं गोंधळ नको. ब्रदर ही जीवनपद्धती टिकली पाहिजे, आपल्या भागात तर नक्कीच टिकली पाहिजे, पण ती कमी माणसांमुळं धोक्यात आलेली नाही. धोका आलाय तो ब्रदर वर्गातून उठून ऑफिसात जाऊन बसला म्हणून.

ब्रदर म्हणजे कोण हेच आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं, अगदी कॅथलिक घरांतसुद्धा. लोकांना वाटतं फादर व्हायच्या वाटेवर मधेच थांबलेला माणूस. तसं नाहीये. फ्रान्समधल्या रीम्स शहरात १६८० च्या सुमाराला जाँ बाप्तिस्त द ला साल या धर्मगुरूनं गरीब पोरांच्या मास्तरांना गोळा करून एक मंडळ उभं केलं, तिथून ही शाखा सुरू होते. तो स्वतः श्रीमंत घरचा, कॅथीड्रलमधे मानाची जागा होती त्याची, ती त्यानं १६८३ मधे सोडली आणि पुढच्या दुष्काळात वारशाचा पैसा भाकरीत वाटून टाकला. आणि त्यानं ठरवलं की आपल्या मंडळात कुणीही फादर होणार नाही. एका हुशार ब्रदरला फादर करायचं त्याच्या मनात होतं, तो ब्रदर अचानक वारला, आणि द ला सालनं तो देवाचा इशारा मानला असं सांगतात. पण त्यामागं व्यवहारही होता. फादर झाला की मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य पूजा आली, लोकांच्या पापांची कबुली ऐकणं आलं, मान आला, खुर्ची आली, आणि वर्ग सुटला. त्याला वर्ग सुटायला नको होता. एवढंच कशाला, त्या काळी वाचायला शिकवायचं म्हणजे आधी लॅटिन, तर यानं सांगितलं की नाही, पोराला आधी त्याच्या स्वतःच्या भाषेत, फ्रेंचमधे वाचता येऊ दे. तेव्हा मास्तर एकेका पोराला जवळ बोलावून शिकवायचा आणि बाकीचे बसून राहायचे, यानं सगळ्यांना एकाच वेळी एकाच धड्यावर आणलं. आज आपण ज्याला वर्ग म्हणतो तो रुळवण्यात या ब्रदरांचा वाटा फार मोठा आहे. फी नाही म्हणून पॅरिसमधल्या फी घेऊन लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याच्यावर खटले घातले. १९५० मधे पोपनी त्याला सगळ्या शिक्षकांचा आश्रयदाता संत केलं, ते त्याच्या चर्चमधल्या कामासाठी नव्हे, वर्गातल्या कामासाठी.

आता डोकी मोजणाऱ्यांकडं येतो. त्यांचा मुद्दा खोटा नाही, तो मी मान्य करतो. द ला सालच्या मंडळात १९६० च्या दशकाच्या मध्यावर १६,००० च्या वर ब्रदर होते, आज जगभरात मिळून ३,००० च्या आसपास. आयर्लंडमधे एडमंड राइस नावाच्या व्यापाऱ्यानं, बायको वारल्यावर, १८०२ मधे वॉटरफर्डला एका तबेल्यात गरीब पोरांची शाळा काढली आणि त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स झाले, त्यांच्याकडं आता आयर्लंडमधे शाळा चालवायला माणसं नाहीत म्हणून २००८ मधे शाळा एका ट्रस्टकडं दिल्या, ऑस्ट्रेलियात त्याच्या आदल्याच वर्षी तसं केलं. भारतात परिस्थिती इतकी वाईट नाही, पण गोवा, मंगळूर, केरळ इथून पूर्वी घराघरातून पोरं जायची ती आता झारखंड, ओडिशा, ईशान्येकडून येतात. घरात दोनच मुलं असतील तर एक कोण देणार? हे समजण्यासारखं आहे, त्या आजीचं रडणंही समजण्यासारखं आहे.

पण आकडा कमी झाला म्हणजे गोष्ट संपली हे कुठल्या इतिहासात बसतं? १६९१ मधे द ला सालच्या मंडळाची अवस्था अशी होती की माणसं आजारी पडून मेली होती, कित्येक सोडून गेली होती, तेव्हा त्यानं दोन सोबत्यांना घेऊन शपथ घेतली की आपण तिघंच उरलो आणि नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागले तरी हे काम सोडायचं नाही. तिघं! पुढं शंभर वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ मधे मंडळच बरखास्त केलं, सॉलोमन नावाच्या ब्रदरला पॅरिसमधे मारून टाकलं, आणि नेपोलियनच्या काळात मूठभर म्हाताऱ्या ब्रदरांनी परत शाळा उघडल्या. १९०४ मधे फ्रान्स सरकारनं कायदाच केला की धार्मिक मंडळांनी शिकवायचं नाही, तेव्हा हजारो ब्रदर देश सोडून जगभर गेले. फ्रेंच माणसानंच काढलेल्या माँटफर्ट ब्रदरांची भारतातली सुरुवात १९०३ मधे तमिळनाडूतल्या तिंडिवनमला झाली तो हाच काळ. म्हणजे हे मंडळ दोनतीनदा मेलंय आणि परत उठलंय, आणि दर वेळी उठलं ते थोड्या माणसांनी वर्गात जाऊन, मोठी बिल्डिंग बांधून नाही.

मी मराठी माणूस, मला हे परकं वाटत नाही त्याचं कारण आपल्याकडंही हाच प्रयोग झालाय. १८८० मधे चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ मधे डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, आणि आजीव सदस्य ही कल्पना आली, वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, महिना पंच्याहत्तर रुपये घ्यायचे, बाकी काही मागायचं नाही. त्या मंडळींच्या तोंडी त्यागाचा दाखला म्हणून जेझुइटांचं, म्हणजे शिक्षणात काम करणाऱ्या एका कॅथलिक मंडळाचं, नाव यायचं, आणि टिळकांनी १८९० मधे राजीनामा दिला त्यामागं आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी का नाही हाच वाद होता. दारिद्र्याचं व्रत पाळायचं की नाही, हाच. गोखले त्याच पगारावर जवळजवळ वीस वर्षं शिकवत राहिले आणि नंतर १९०५ मधे त्यांनी भारत सेवक समाज काढला त्यातही शपथा होत्या. कर्व्यांनी १९०८ मधे निष्काम कर्म मठ काढला, नावातच मठ आहे बघा. आणि आपल्या बेळगावात १९१६ मधे सात तरुण शिक्षकांनी केएलई काढली, त्यांना आजही सप्तर्षी म्हणतात, त्यांनी स्वतः वर्गात उभं राहून शिकवलं. लिंगायत मठांचं तर सांगायलाच नको, अन्न, अक्षर, आश्रय असा त्रिविध दासोह, तुमकूरचे शिवकुमार स्वामी २०१९ मधे एकशे अकराव्या वर्षी गेले तोपर्यंत हजारो पोरं त्यांच्या पंक्तीला जेवत होती, आणि आपल्याच गावातल्या नागनूर रुद्राक्षी मठाच्या बोर्डिंगात राहून शिकलेली माणसं आजही भेटतात. मग ब्रदर तेवढे परके कसे? संसार बाजूला ठेवून पोरांना शिकवणारा माणूस या मातीला चांगला माहीत आहे.

धर्मांतराचा मुद्दा. हा टाळून चालणार नाही, कारण डिसेंबर २०२१ मधे धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत पास झालं ते इथंच, बेळगावच्या सुवर्णसौधमधे, म्हणजे कर्नाटकच्या इथल्या विधानभवनात, आणि त्या दिवसांत आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरात काय वातावरण होतं ते मी बघितलंय. जून २०२३ मधे नव्या मंत्रिमंडळानं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं, पण मनातला संशय काही कॅबिनेटच्या निर्णयानं जात नाही. तर संशय घेणाऱ्यांचं खरं तेवढं मान्य करतो. शाळेत मास्तर मोठा आणि पोर लहान, ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्या देवाचा पोरावर प्रभाव पडणारच, हा प्रश्न रास्त आहे, तो ब्रदरांनाही विचारावा, मठांनाही विचारावा आणि सकाळी श्लोक म्हणून घेणाऱ्या आम्हा मास्तरांनाही विचारावा. पण धंदा होता म्हणणाऱ्यांनी एक हिशेब सांगावा. आमच्या कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ पासून आहे (ते जेझुइट फादरांचं, ब्रदरांचं नाही, पण लोक एकाच यादीत घालतात म्हणून घेतो), इतक्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या, मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण, मुसलमान, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कर्नाटकात ख्रिश्चन दोन टक्केसुद्धा नाहीत. मी तीन वर्षं ब्रदरांच्या हाताखाली होतो, संध्याकाळी त्यांची प्रार्थना व्हायची तेव्हा आम्ही हिंदू पोरं व्हरांड्यात पाढे म्हणायचो, मला कुणी आत बोलावलं नाही.

यापेक्षा कितीतरी जड मुद्दा दुसरा आहे आणि तो आपल्याकडं फारसा कुणी काढतच नाही. आयर्लंडमधे २००९ मधे चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात ख्रिश्चन ब्रदर्सनी चालवलेल्या आर्टेनसारख्या संस्थांमधे पोरांना वर्षानुवर्षं मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं बाहेर आलं. ऑस्ट्रेलियातही रॉयल कमिशनसमोर तेच निघालं. आमच्या वेळचे ब्रदर देवमाणसं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. काही माणसं वाईट निघाली एवढं म्हणून हे सुटत नाही, कारण हे घडलं ते बंद आवारात, जिथं पोराचं ऐकायला बाहेरचं कुणी नव्हतं, आई नव्हती, बाई शिक्षिका नव्हती, आणि आज्ञापालनाचं व्रत घेतलेला धाकटा ब्रदर मोठ्याविरुद्ध बोलत नव्हता. व्रतातलीच एक गोष्ट गुन्ह्याला आडोसा देत होती. यावर पांघरूण घालून ब्रदरांचं भविष्य उभं राहणार नाही.

माझंही सांगतो. त्या बोर्डिंगात, नाव सांगत नाही, आवारात मराठी बोललं तर हातावर छडी बसायची. एकदा पावसात माझा धाकटा मावसभाऊ घसरून पडला, मी ओरडलो, "अरे लागलं काय रे?" आणि त्या चार शब्दांसाठी मला ऑफिसात नेऊन तीन छड्या मारल्या. मारणारा मोठ्या पदावरचा ब्रदर होता, वर्गावर तो कधी यायचा नाही, त्याचं सगळं राज्य ऑफिसात. आणि त्याच बोर्डिंगात एक म्हातारा ब्रदर होता, चौथीचं गणित घ्यायचा. त्याच्या टेबलावर खराट्याच्या काड्यांचा ढीग असायचा. आम्हाला हातचा कळत नव्हता, सतरा आणि पंधरा म्हणजे दोन आणि बारा असं काहीतरी आम्ही लिहायचो, तर तो काड्या मोजायला लावायचा, दहा झाल्या की सुतळीनं गठ्ठा बांधायचा आणि तो गठ्ठा डाव्या बाजूला ढकलायचा, "आता हा एकटा नाही, हा दहाजणांचं घर झालाय, याला पलीकडच्या गल्लीत जायला पाहिजे," हे तो मराठीत सांगायचा, मंगळुरी कोकणीच्या सुरात, दार लावून, कारण मराठीवर बंदी त्यालाही होती. खोटं कशाला सांगू, चिडला की तोही कान पिळायचा, तेही चूकच. पण आज मी चौथीला हातचा शिकवतो तो त्याच गठ्ठ्यानं शिकवतो. हे दोघंही ब्रदर होते, दोघांनी तीच व्रतं घेतली होती, आणि पन्नास वर्षांनी आज मला त्या मंडळाबद्दल जे काही वाईट वाटतं ते ऑफिसातल्या खुर्चीवरून आलेलं आहे आणि जे चांगलं वाटतं ते फळ्यासमोरून.

इंग्रजीचं काय, असं मला कुणी विचारेल. खरं आहे, लोकांना ब्रदरांच्या शाळा हव्या होत्या त्या इंग्रजीसाठीच. ६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कर्नाटक सरकारला सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम तुम्ही लादू शकत नाही, आणि कायदा म्हणून ते बरोबरच आहे, पालकाचा हक्क आहे. सीमाभागात आम्ही १९५६ पासून भांडतोय की पाटी मराठी का कन्नड, आणि त्या पाटीखालून दोन्ही बाजूंची पोरं इंग्रजी मीडियमच्या व्हॅनमधे बसून निघून जातात, भांडणाऱ्यांचीसुद्धा. मी आईबापांना दोष देत नाही. पण ब्रदरांना मी विचारतो की तुमच्या संस्थापकानं लॅटिन बाजूला ठेवून पोराच्या घरची भाषा वर्गात आणली, त्यासाठी त्याला नावं ठेवली गेली, मग त्याच्या वारसदारांनी इथं येऊन इंग्रजीचं लॅटिन का केलं? चर्चला मराठी परकी होती असंही नाही. १६१६ मधे थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं गोव्यात राहून दहा हजारांच्या वर मराठी ओव्यांचं पुराण छापलं. जिथं इंग्रजी शाळा गल्लोगल्ली झाल्यात तिथं आणखी एक ब्रदरांची शाळा असली काय आणि नसली काय, फी भरणाऱ्याला जागा मिळतेच. जो भरू शकत नाही त्याचं काय?

त्याचं मी रोज बघतो. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात धो धो पाऊस लागतो, बस कधी येते कधी नाही, शाळेत पंधरावीस पोरं आणि परमनंट मास्तर एक, बाकी अतिथी शिक्षक, त्यांचं मानधन वेळेवर नाही, कन्नड शिकवायला आलेल्या बाईंना मराठी येत नाही आणि पोरांना कन्नड येत नाही. मास्तर बदली मागतो. का मागू नये? त्याची स्वतःची पोरं आहेत, त्यांना चांगली शाळा पाहिजे, बायकोची नोकरी बेळगावात, म्हातारे आईबाप. मीही मागितली होती एकदा. हा आमचा आळस नाही, संसार आहे. आणि इथंच मला ब्रदर हवा आहे.

मला परवा एका सहकाऱ्यानं ठणकावून विचारलं की म्हणजे लग्न न केलेला मास्तर चांगला आणि आम्ही दुय्यम का? प्रश्न बरोबर आहे, आणि या सगळ्या वादातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे. मी पाहिलेली सगळ्यात उत्तम शिक्षिका दोन पोरांची आई होती, सकाळी भाकऱ्या थापून सहा किलोमीटर चालत यायची. ब्रह्मचर्यानं माणूस चांगला शिक्षक होत नाही, आयर्लंडनं ते दाखवून दिलंय. ब्रह्मचर्यानं एकच मिळतं, मोकळीक. ज्याला स्वतःचं पोर शाळेत घालायचं नाही तो कणकुंबीला दहा वर्षं राहू शकतो. ज्याला घर बांधायचं नाही त्याला अतिथी शिक्षकाचं मानधन चालतं. ही मोकळीक जर शहरातल्या मोठ्या शाळेत ॲडमिशन, बिल्डिंग फंड आणि डीडीपीआय, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या, ऑफिसच्या फायली यातच खर्च होणार असेल तर मग ते व्रत कशासाठी घेतलं? फाईल बघायला संसारी माणूस चांगला चालतो, आयर्लंड-ऑस्ट्रेलियात ट्रस्टच्या शाळा चालतातच की. माझं म्हणणं आहे की मुख्याध्यापकाची खुर्ची खुशाल बाई शिक्षिकेला द्या, संसारी शिक्षकाला द्या, तिला पूर्ण अधिकार द्या, आणि ब्रदरनं हजेरीपट घेऊन चौथीच्या वर्गात जावं.

यावर ब्रदरांचं उत्तर मला माहीत आहे, मी ऐकलंय. शहरातल्या शाळेच्या पैशावरच खेड्यातलं काम चालतं, ती सोडली तर खायचं काय? हे मान्य. पण शाळा सोडा असं मी म्हणतच नाही, खुर्ची सोडा म्हणतोय. पैशाचा विषय निघालाच म्हणून सांगतो, ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारावर टीडीएस कापायचाच, पगार मंडळाकडं जातो, मी गरिबीचं व्रत घेतलंय हे कारण चालणार नाही. त्यावर एका बाजूनं कर चुकवे म्हणून हिणवणं झालं, दुसऱ्या बाजूनं अल्पसंख्याकांवर अन्याय म्हणून ओरड झाली. मला दोन्ही पटलं नाही. कर भरावा, सगळे भरतात. पण एक माणूस आपला अख्खा पगार सगळ्यांच्या ताटात टाकतो ही गोष्ट छोटी आहे का? टिळक-आगरकरांच्या संस्थेत ज्यावरून फूट पडली ते हे लोक तीनशे वर्षं पाळत आलेत. विचारायचंच असेल तर हे विचारा की ते सामायिक ताट आज कुणाला वाढतंय.

आणि फादर का ब्रदर हा मामाचा प्रश्न. चर्चनं १९६५ मधे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट लिहिलं की ब्रदरचं जीवन स्वतःतच पूर्ण आहे, २०१५ मधे ब्रदरांवर वेगळा दस्तऐवज काढला, २०२२ मधे पोप फ्रान्सिसनी फादर आणि ब्रदर मिळून असलेल्या मंडळांत ब्रदरसुद्धा प्रमुख होऊ शकेल अशी वाट काढली. कागदावर सगळं आहे. पण आमच्याकडं फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, फादरला हार, पुढची खुर्ची, आणि ब्रदरला विचारतात, "फादर कधी होणार?" मला तर वाटतं की ब्रदरच्या पाया पडायला कुणी येत नाही, त्याच्याकडं संस्कार द्यायचा अधिकार नाही, यातच त्याची ताकद आहे. तो आमच्यासारखा मास्तर आहे. हिंदू, मुसलमान, लिंगायत पालक त्याच्याशी बरोबरीनं बोलू शकतो. ज्या गावात चर्चच्या पाटीनं कपाळाला आठ्या पडतात तिथं मास्तर चालतो.

मी हे नुसतं हवेत बोलत नाही. दोन किंवा तीन ब्रदर, एकटा कधीच नाही, भाड्याच्या घरात, खेड्यात, दाराला कंपाउंड नाही. त्यांनी आधी मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायला-वाचायला शिकायचं. दिवसा बी.एड., टीईटी करून मिळेल त्या शाळेत शिकवायचं, संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यासिका, दारं उघडी, गावातली एखादी बाई कायम सोबत, एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, माणसं येऊन बसतील तेव्हा बसतील. पोक्सो कायदा आणि तक्रार करायचा फोन नंबर भिंतीवर. यात बंद आवार नाही, ऑफिस नाही, आणि यातलं बरंचसं नवीनही नाही, द ला साल आपल्या ब्रदरांना एकेकटं पाठवत नव्हता, आणि फ्रान्समधल्या खेडेगावांसाठी मारिस्ट ब्रदर १८१७ मधे निघाले तेही असेच लहान लहान घरांतून. यासाठी १६,००० माणसं लागत नाहीत. आमच्या तालुक्याला सहा पुरतील.

पोराच्या घरी मी समजूत घालायला गेलो होतो. आजीला मी सांगितलं की रडू नका, पण त्याला अडवूही नका. आणि पोराला म्हटलं, जायच्या आधी तिथल्या मोठ्या ब्रदरांना एकच विचार, तुमच्या घरातले किती ब्रदर रोज वर्गात शिकवतात. त्यानं विचारलं. काय उत्तर मिळालं ते त्यानं मला सांगितलं नाही, पण जूनमधे तो गेला. परवा रात्री फोन आला, शेजारच्या वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी गणित शिकवायला लावलंय म्हणाला, बाकी सगळं बरं आहे, जेवण बरं आहे, पण सर, दोन पोरांना हातचा अजून कळंना, काय करू?

मी म्हटलं, खराटा आहे ना तिथं? त्याच्या काड्या काढून घे. आणि थोडी सुतळी.